माघारीची धून

मित्रांनो, काचेआड मखमलीवर विराजमान झालेला मी एक जुना पितळी बिगूल आहे. तुमच्या शाळा रांगेने येतात, मला सलाम ठोकतात, आणि मी मात्र तोंड लपवायला जागा शोधतो. बिगुलाचं तोंड केवढं असतं, ते तुम्हाला दिसतंच आहे!

कारखान्यातून मी थेट एका तरुण बिगूलवाल्याच्या हाती आलो. तो मला रोज घासायचा. टेकडीच्या लढाईत तिसऱ्या दिवशी पाणी संपलं, तेव्हा पलटणीचा आचारी त्याला म्हणाला, "अरे, हा भोंगा नुसता मिरवतोस काय? नरसाळं कर त्याचं!" मग माझी तोटी काढून डबक्यातलं गढूळ पाणी माझ्यातून बाटल्यांत ओतलं. सगळ्यांचा जीव निवला. गाळ मात्र माझ्या वळणांत बसला, आणि मला धुवायचं राहून गेलं.

दुपारी हुकूम आला, माघार घ्या. बिगूलवाल्याने गाल फुगवून फुंकलं. मी म्हणालो, "फुस्स." पुन्हा फुंकलं. पुन्हा फुस्स. पुढच्या खंदकातल्या एक्केचाळीस जणांना काहीच ऐकू गेलं नाही. ते लढत राहिले. संध्याकाळी शत्रूच थकून उतरला. टेकडी आपली झाली. त्या एक्केचाळिसांतलं कोणी परतलं नाही. पाणी घेऊन तिकडे गेलेला आचारीही त्यांतच होता.

"हुकूम आला होता हे विसरायचं," साहेबांनी बजावलं. माझ्याखाली पाटी लागली: ‘या बिगुलाने माघार फुंकली नाही.’ बघा, एक अक्षर खोटं नाही!

त्याआधी डोंगरातले लोक किनाऱ्यावरच्यांना आपलं मानत नव्हते. त्या पाटीनंतर सगळेच म्हणू लागले, "आपण मागे फिरणारे नव्हे." देश एक झाला, हे मी नाकारत नाही. पण मग रस्ता चुकलेले नवरेही गाडी वळवीनात. बायका कपाळावर हात मारून गप्प बसत. इथवर हसण्यासारखं होतं. पुढे पलटणीत माघारीची धून शिकवणंच बंद झालं, तेव्हा माझं पितळ काळवंडलं.

बिगूलवाला म्हातारपणी इथेच राखणदार झाला. परवा आचाऱ्याची बहीण आली, सोबत उंचापुरा नातू.

"दादा, हा उद्या पलटणीत जातोय. मला एकच सांगा. माझा भाऊ आपणहून थांबला, की मागे फिरायचंय हे त्याला कळलंच नाही?"

राखणदार माझी काच पुसत राहिला. पुसलेलीच जागा पुन्हा पुसली.

"कळलं नाही, ताई. हुकूम होता. मी फुंकलं, पण हा वाजला नाही. धुवायला मीच विसरलो होतो."

ती बाकावर बसली. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी त्याच्यावर रागावले होते हो. म्हटलं, घरचा विचार न करता थांबला." आणि काचेकडे बघत, "ती धून येते अजून?"

राखणदाराने किल्ली काढली. कवळी सावरत त्याने मला ओठांना लावलं. मी वाजलो. शेजारी तुमच्यासारखीच मुलं होती. विजयाची धून समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नातवाने टाळी वाजवली नाही. "आजोबा," तो म्हणाला, "पुन्हा एकदा. सावकाश."

मित्रांनो, माझा अभिमान बाळगा, हरकत नाही. पण मला सलाम करण्याआधी ती धून एकदा नीट ऐकून घ्या. एक्केचाळीस जणांना ती ऐकायची होती.