सरदार नानांना इंग्रजीत काय म्हणायचं?

सुरभीच्या हातात माइक येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, पण घरी ती आईला चहाही "आता आपल्यासमोर सादर होत आहे" असं म्हणूनच द्यायला लागली होती. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात हीच पोरगी पडद्याची दोरी ओढत होती. यंदा थेट निवेदिका! त्या भरात तिने मैत्रिणीच्या, गझालाच्या, जादूचे खेळ करणाऱ्या आजोबांना परस्पर शब्द देऊन टाकला, "नानाजी, तुमचा खेळ आमच्या शाळेत. पक्का!"

सरदार नानांनी दाढीला मेंदी लावली, पितळी वाट्या चिंचेने लखलखीत घासल्या. कळंबच्या बाजारात चादर अंथरून खेळ करायचं त्यांनी कधीचंच सोडलं होतं.

आणि ऐन दिवशी दुपारी मुख्याध्यापक भीमराज सर अडले.

"जादू? कायदा हाये न बाप्पा जादूटोण्याचा! कोनी व्हिडिओ टाकला म्हंजे?"

"सर, तो कायदा अघोरी धंद्यांसाठी हाये. हे त वाट्या-गोळ्यायचे खेळ."

"मले समजते. पाहनाऱ्यायले समजते का? असं कर, स्टेजवरून इंग्रजीत सांग. इंग्रजी नावाले कोनी हरकत घेत नाही. अन् चांगलं नाव नाही भेटलं, त त्यायच्या जागी आठवीचा डान्स घेऊ."

एवढंच ना! सुरभीने गझालाचा मोबाइल घेतला आणि पाच मिनिटांत धावत परत आली.

"सर, कॉन्जरर!"

"म्हंजे?"

"पूर्वी इंग्रजीत... भुतांना शपथ घालून बोलावणारा."

"अवं, हे त सरळ कायद्यातच बसते!"

"मग मॅजिशियन. तो शब्द इराणातल्या जुन्या पुजाऱ्यांवरून आला."

"धर्म आला. नको."

"जगलर?"

"तो चेंडू फेकते न?"

"आता फेकतो. पूर्वी जादूगारालाच म्हणत. आणि," तिचा आवाज बारीक झाला, "ठगालासुद्धा."

हातचलाखीसाठी लेजरडमेन होता, तो सरांच्या तोंडात मावेना. प्रेस्टिडिजिटेटर तिच्याच तोंडात मावेना. होकस-पोकस म्हटल्यावर सरांनी आठवीच्या वर्गाकडे पाहिलं. सुरभीच्या डोक्याचा पार भुगा झाला. एका माणसाला भूतवालाही म्हणायचं, पुजारीही आणि ठगही? इंग्रजांचं नक्की काय ठरलं होतं? आणि आपले नाना यातले कोण?

ती सातवीच्या वर्गात पळाली. तिथे बाकावर नाना चादर झटकत बसले होते.

"नानाजी, तुम्हाले इंग्रजीत काय म्हनू? नाव नाही भेटलं त सर खेळच कापून राह्यले!"

नाना हसले. "बेटा, हमारे खेल में नाम कोई दूसरा नहीं बताता. उस्ताद पूछता है, जमूरा जवाब देता है. पब्लिक सुनती है. तू मेरा जमूरा बन."

"पन काय बोलू?"

"जो सच लगे."

संध्याकाळी नाव पुकारायची वेळ आली तेव्हा सर पायरीवरच उभे होते. मागे आठवीच्या पोरी घुंगरू बांधून तयार. सुरभीने माइक तोंडाशी धरला आणि दुपारचे सगळे इंग्रजी शब्द एकदम आठवले. त्यातला कोणता म्हणावा ते ठरेना.

डमरू वाजला. नाना आपणहून स्टेजवर आले.

"जमूरे!"

"ज... जी उस्ताद!"

"मैं भूत बुलाता हूँ?"

"नाही उस्ताद!"

"मंतर मारता हूँ?"

"नाही उस्ताद!" आता तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. सरांची मान हलली.

"तो लोगों को ठगता हूँ?"

सुरभीला पेच पडला. हो म्हणावं तर आठवीचा डान्स. नाही म्हणावं तर साफ खोटं, कारण नाना 'गोळी आहे' म्हणतात तेव्हा त्या वाट्यांखाली खरंच काही नसतं, हे गझालाने तिला कधीच सांगून ठेवलं होतं. सगळं मैदान तिच्याकडे पाहत होतं.

"थोडं थोडं, उस्ताद," ती म्हणाली. "पन सांगून!"

मैदान खदखदून हसलं. सगळ्यांत मोठ्याने नाना हसले. सुरभीने हळूच पायरीकडे पाहिलं. सरांनी हात हलवून आठवीच्या पोरींना खाली बसवलं होतं.

मग नानांनी तिच्या तळहातावर कापडाची एक लाल गोळी ठेवली आणि मूठ मिटवली. तिने इतकी घट्ट दाबली की नखं रुतली. नानांनी फुंकरही मारली नाही, मंत्र तर लांबच.

"खोल."

गोळ्या दोन होत्या.

हे कसं करतात ते तिने दुपारीच मोबाइलवर वाचलं होतं. सगळं, चित्रांसकट! तरी ती मुठीकडे बघतच राहिली. आली कुठून? कधी आली?

तेवढ्यात कोणीतरी तिची बाही ओढली. भीमराज सर पायरी चढून वर आले होते. माइक सुरू आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

"नाव राहू दे," ते मूठ पुढे करत म्हणाले. "नानाजी, एक डाव मलेबी द्या न."