फाटकाबाहेरचं अळणी पान

वैभवी इंदूरच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेऊन बी.ए. करत होती, शेवटच्या वर्षाला. "म्हणजे शिकून होणार काय गं तू?" असं विचारून विचारून देवासच्या नातेवाइकांनी पोरीचं डोकं उठवलं होतं. आता त्या शहाण्यांना कोण सांगणार, की हा विषय तिच्या घरी किती पिढ्या दर सर्वपित्रीला जेवायला येत होता!

गोष्ट अशी. तिचे एक पूर्वज यशवंतराव, धारचे मानकरी. धारपलीकडच्या अमझेऱ्याहून एक दूत बोलणी करायला आला, तेव्हा त्यांनी त्याला पंक्तीला बसवलं, पानात मीठ वाढलं, अभय दिलं. परत पोचवायला निघाले, तर धारच्या वेशीवर दूताच्या शत्रूच्या शिपायांनी अडवलं. "बरोबर कोण आहे?" यशवंतरावांनी दूताकडे पाठ फिरवली. म्हणाले, "आमचा कोणी नव्हे." दूत तिथंच मारला गेला. तेव्हापासून सर्वपित्रीला एक पान त्याचं, फाटकाबाहेर, आणि बिनमिठाचं. मीठ वाढलं की शब्द पुन्हा बांधला जातो, असं वडीलधारे सांगत. त्या पानाला कावळा कधी शिवला नाही.

यंदा अल्पना मॅडम वर्गात म्हणाल्या, "दूताला अभय माणूस देत नाही, गादी देते. माणूस मेला म्हणून ते सुटत नाही." झालं. ते पान वैभवीच्या डोळ्यांसमोरून हलेना. सर्वपित्रीच्या दुपारी देवासच्या घरी वडील उदाजीराव आत तर्पणाला बसले होते, तेव्हा तिनं चिमूटभर मीठ नेऊन त्या पानात वाढलं. हळूच म्हणाली, "अभय आहे. जेवा."

पाण्याचा तांब्या घेऊन ती परत आली. भात तसाच, वडे तसेच, खीर तशीच. मीठ तेवढं गेलं होतं. तिच्या हातून तांब्या निसटला.

उदाजीराव धावत आले. पान बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, काय करून बसलीस! मीठ वाढायला काय जातंय? त्याला परत कोण पोचवणार?"

वैभवीनं कपाळावर हात मारला. अभय येण्याचं असतं तसंच परत जाण्याचंही, हे तिनं परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. आणि नेमकं तेच विसरली, गाढव!

"मी जाते आबा. शब्द माझा आहे."

"एकटी? वेड लागलंय का? मागे बस."

उदाजीरावांनी गाडीचं पुढचं डावं दार उघडलं, जरा थांबले आणि लावलं. गाडी सुरू होताच बेल्टची टुंटुं चालू झाली. डावी सीट तर रिकामी होती. इंदूर गेलं तरी टुंटुं थांबेना. "सर्व्हिसिंगवाल्यांना धरून हाणलं पाहिजे," उदाजीराव पुटपुटले, पण त्यांची मान घामानं निथळत होती.

धारमध्ये शिरताना पोलिसांनी बॅरिकेड लावलं होतं. शिपाई खिडकीशी वाकला. "भिया, साथ में कौन है?"

वैभवी पुढं सरकली. आरशात तिला उदाजीरावांचे ओठ हलताना दिसले. "कोई न..." एवढं बाहेर पडलंच. मग त्यांनी स्टीअरिंग घट्ट धरलं.

"हमारे मेहमान हैं," ते म्हणाले. "अमझेरा छोड़ने जा रहे हैं. हम खुद."

शिपायानं डावीकडे पाहिलं, नीट पाहिलं. "तो बेल्ट लगवाओ ना उनको," म्हणाला आणि मागच्या गाडीकडे गेला.

डावीकडचा बेल्ट सरसरत खाली आला. खट् झालं. टुंटुं थांबली.

उदाजीराव रडायलाच लागले, लहान पोरासारखे, रस्त्याच्या मधोमध. वैभवीनं मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिथं आधीच कुणाचा तरी हात होता, गारठलेला. तिनं आपला काढला नाही. अमझेरा अजून पुढं होतं.