जिवंत तुकडा

गोपाळकृष्णांच्या जांघेतली गाठ काढून तासही झाला नव्हता. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी वॉर्डबॉय डोमाजीने अबोलीच्या हातात गाठीची बाटली दिली आणि तिच्या नाकाडोळ्यांत झोंबलं. फॉर्मलिन.

"डोमाजी, यात गुलाबी पाणी होतं ना?"

"ते? फेकलं. मले वाटलं, कोणं शरबत भरून ठेवलं." डोमाजी खुशीत होता. बालाघाटच्या या दवाखान्यातून गाठी तपासायला नागपूरला जात, त्या तीस वर्षं तोच भरून द्यायचा. "तुमच्या बाबूजीचं काम, म्हणून गळ्यापर्यंत भरली, बाई. आता महिनाभर सडत नाई."

नुसतं न सडून भागणार नव्हतं. तुकडा जिवंत हवा होता, आणि फॉर्मलिनमध्ये एकही पेशी जगत नाही.

वडील मलाजखंडच्या खाणीत सर्व्हेअर होते. निवृत्तीनंतर टाचेवर काळा डाग निघाला, चपलेचा घट्टा समजून वर्ष गेलं, आणि २००६ साल उजाडलं तोवर कॅन्सर फुप्फुसात पोचला होता. औषधं हरली. मग अबोलीने मिळेल ते वाचून, पत्रं लिहून एक दूरची प्रयोगशाळा शोधली. गाठीत रोगाशी झुंजायला शिरलेल्या पांढऱ्या पेशी तिथे वेगळ्या काढायचे, त्यांत नवं जनुक बसवायचे, आणि कोट्यवधी झाल्या की परत रक्तात सोडायचे. प्रयोगच होता. खात्री कुणी दिली नव्हती, पण बाबांचं नाव यादीत घेतलं होतं. गुलाबी पाणी त्यांनीच पाठवलेलं, वाटेत पेशी जगवायला. बाटली न्यायला बाहेर ड्रायव्हर प्रेमलालची जीप उभी होती. नागपूरहून संध्याकाळचं विमान गाठायचं होतं.

"दुसरी गाठ?" तिने सर्जनला गाठून विचारलं.

"सुरी पोचेल अशी हीच होती," ते खाली बघत म्हणाले.

गाठ गुलाबी पाण्यातच ठेवायची, हे त्यांना तिने तीनदा सांगितलं होतं. सिस्टरकडून वदवून घेतलं होतं. बाटलीवर इंग्रजीत चिठ्ठी चिकटवली होती. डोमाजीला सांगावं, हे कुणाला सुचलं नव्हतं. तिलाही नाही.

"काहून बाई, कमी पडली का दवाई?"

"नाही डोमाजी. भरपूर आहे."

दुपारनंतर बाबा शुद्धीवर आले. ओठ ओले करताच म्हणाले, "पाठवलं का वं?"

अबोलीच्या तोंडातून निघून गेलं, "हौ बाबा. गेलं."

"मंग तयार होऊन राह्यल्या असतील आपल्या पेशी. किती दिवस म्हणते ते?"

"सहा आठवडे."

गोपाळकृष्ण आठ आठवडे जगले. शेवटचे पंधरा दिवस, पेशी तयार झाल्याचं पत्र येईल म्हणून, ते पोस्टमनच्या वेळेला उशीला टेकवून बसवायला लावत. "काहून उशीर करून राह्यले ते लोकं? माणसाच्या जिवाची काही किंमत हाये का नाई त्यायले?"

"नाहीच, बाबा," अबोली म्हणायची, आणि ज्यांनी बिचाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं त्या प्रयोगशाळेतल्या लोकांना बाबांसोबत बोल लावत बसायची.