बोडीतले मासे

भोजराजनं नागपूरहून काचेची पेटी आणून तिच्यात निळ्या पट्ट्यांचे सहा चिमुकले मासे सोडले, आणि धुरपताचं माहेर बंद झालं. कुणाची म्हैस आणि कुणाला ऊठबैस! तुमसरात लाईट घडीघडी जायची. लाईट गेली की हवेचा पंप थांबे. मग धुरपतानं तांब्यानं पेटीतलंच पाणी उंचावरून पेटीत ओतत बसायचं, म्हणजे माशांना हवा मिळे. सासूचे, शकुंतलाबाईंचे, गुडघे धरलेले. भोजराज दिवसभर राईस मिलच्या हपीसात. तेव्हा घर सोडायचं कुणी? माहेरचं गाव नाकाडोंगरी एसटीनं तासाभराच्या वाटेवर, पण वर्ष उलटलं तरी तिनं माहेरचा उंबरा पाहिला नव्हता.

"हे कळपानं रायणारे मासे हायेत," भोजराज आल्यागेल्याला सांगे. "एकटा पडला का खातच नाही, झुरून मरते."

बायकोचाही कुठं एक कळप असेल, हे काही त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. खरं तर असले मासे तिच्या बापाच्या शेताजवळच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, ढिगानं होते. पण ते विलायती म्हणून मिरवणाऱ्या नवऱ्याचा पाणउतारा कोण करील?

दिवाळीला शकुंतलाबाईंनी लक्ष्मीपूजनाचा नैवेद्य माशांनाही दाखवला. दाखवला कसला, अख्खा अनारसा पाण्यात कुस्करला! दुसऱ्या दिवशी पाणी पेजेसारखं झालं आणि पाच मासे उलटे तरंगू लागले. उरलेला एक, पाणी बदललं तरी, कोपऱ्यात अंग चोरून राहिला, खाईना की पिईना. नागपूरचं दुकान सणामुळे बंद. भोजराजचं तोंड एवढंसं झालं.

धुरपतानं धीर केला. "आमच्या बोडीत अस्सेच रायतेत. गावची मंडई आली हाये. मी जाऊन आणीन."

दिवाळीनंतरची मंडई म्हणजे गावची जत्रा. रात्रभर दंडारीचं नाचगाणं, आणि घरोघरी माहेरवाशिणी.

भोजराज त्या एकट्या माशाकडे बघत राहिला. "बरं," तो म्हणाला. "धाडतो निरोप तुह्या बाबाले."

बाप न्यायला येणार! तिनं त्याच दिवशी पिशवी भरली. आनंद पोटात मावत नव्हता.

मंडईच्या सकाळी तिचा बाप तुलाराम दारात उभा राहिला. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, हातात दुधाची किटली. धुरपता पिशवी घेऊनच धावली.

"जवाईबापू, तुमचा निरोप भेटला," तो हसत म्हणाला. "मासे पायजेत म्हनलं, तं पहाटेच उतरलो बोडीत. घ्या!"

किटली पेटीत रिती झाली. कोपऱ्यातला मासा क्षणात त्या घोळक्यात शिरला आणि खायलाही लागला. भोजराजनं लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या.

"पोरीले नेऊ का मंडईले?" तुलारामनं चाचरत विचारलं.

"आता इतक्या माशायचं कोन करन, ईवाई?" शकुंतलाबाई व्याह्यांना म्हणाल्या. "अन् मासे तं आलेच घरी. आता तिचं कामच काय तिथं?"

"तेही खरंच," तुलाराम म्हणाला. लेकीच्या सासरी बाप याहून जास्त काय बोलणार? गावी त्याच्या घरी मंडईचे पाहुणे खोळंबले होते. चहा पिऊन तो उठला. धुरपताच्या डोक्यावर त्यानं हात ठेवला.

"माय, पुरतीन ना इतके? कमी पडले तं निरोप धाड. मीच आणून देईन. तुले यायची तकलीफ नको."

एकही मासा वाटेत मेला नव्हता, म्हणून बाप इतका खुशीत होता की त्याच्यासमोर तिला रडताही येईना. पिशवी पाठीमागं धरून ती म्हणाली, "पुरतीन, बाबा."