काकूचा आवाज तेवढा काढ

धाकटीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि थोरली सकाळपासून संगणकासमोर ठाण मांडून बसली होती. व्हिडिओ जोडणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे घराची गोष्ट तयार करण्याचं काम आपसूकच तिच्या गळ्यात पडलं. जुने व्हिडिओ, मधेमधे दोन ओळींचा मजकूर, सोबत घरातले आवाज. लग्नाच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर हे सगळं पाहुण्यांना दाखवायचं होतं.

वडील चहाचा कप घेऊन तिच्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर धाकटी पहिली पावलं टाकत होती आणि कॅमेऱ्यामागून कुणीतरी म्हणत होतं, "ये गं चिमणे, ये. पडलीस तर मी आहे."

वडिलांचा चेहरा उतरला. "काकूचा आवाज तेवढा काढ."

"का, बाबा?"

"अगं, शुभकार्य आहे. विधवा बाई, त्यात आता या जगातही नाही. लोक काय म्हणतील?"

काकू लग्नानंतर वर्षभरातच विधवा झाली. तेव्हापासून या घराच्या एकाही आनंदाच्या फोटोत तिला कुणी उभं केलं नव्हतं. घरात कुणी दुष्ट नव्हतं, हीच तर गोम. कुणी काही बोलायच्या आत तीच म्हणायची, "आणा इकडे, मी काढते," आणि कॅमेऱ्यामागे जायची. गेल्या वर्षी ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एक धड फोटो सापडला नाही. सगळे हळहळले आणि मग जेवायला बसले.

थोरलीने आवाज बंद करून पाहिला. पडद्यावर सगळं घर कुणाकडे तरी बघून हसत होतं. आजोबा मान डोलवून उत्तर देत होते. धाकटी हात पसरून धावत येत होती, आणि समोर कुणीच नव्हतं. तरुणपणीचे वडील कॅमेऱ्याकडे बघून आर्जवाने काहीतरी मागत होते.

"बाबा, तुम्ही इथे कुणाशी बोलताय?"

वडिलांनी कप खाली ठेवला. "तरीपण काढ," ते म्हणाले, पण आवाज खाली गेला होता.

"मग दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. मी नाही काढणार."

ते कप उचलून निघून गेले. दुसऱ्या कुणाला सांगायला आता वेळही उरला नव्हता.

लग्नाच्या दिवशी पडदा आधी नुसताच काळा राहिला. त्यावर अक्षरं उमटली: 'पुढचं सगळं आमच्या काकूने पाहिलं. तिचा फोटो आम्ही कधीच काढला नाही.' मग त्या अंधारातून आवाज आला, "ये गं चिमणे, ये." धाकटी सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली. वडिलांनी मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही.

थोरलीला तिथे बसवेना. कॅमेरा उचलून ती मागे गेली. शेवटच्या रांगेच्याही मागे, दाराला टेकून, नवऱ्या मुलाची विधवा आत्या उभी होती. थोरलीने कॅमेरा तिच्याकडे वळवला. मागच्यांच्या आड येऊ नये म्हणून आत्याबाई सवयीने चटकन बाजूला सरकल्या. त्यांच्या मागे दाराखेरीज काहीच नव्हतं.

"आत्या, सरकू नका," थोरली म्हणाली. "तुमचाच काढतेय."

आत्याबाईंनी केस सारखे केले. हातांचं काय करायचं, ते मात्र त्यांना कळेना.