लेमेतची गोष्ट

रिस्तेनचा मुलगा लेमेत तळ्यावरचा बर्फ फुटून बुडून गेला, त्याला आता काही हिवाळे उलटले होते. तेव्हापासून तिचा पुतण्या पिएरा तिला रोज संध्याकाळी पाहुण्यांच्या तंबूत बसवायचा. निळा पोशाख, छातीवर चांदी, पुढ्यात चूल. ती त्यांच्या उत्तरेकडच्या सामी भाषेत मुलाचं मरण सांगायची, पिएरा ते इंग्रजीत करायचा आणि लांबून बर्फ बघायला आलेली माणसं रेनडिअरचं सूप ओरपत ऐकायची.

"काकू, बर्फ फुटतो तिथं थोडं थांबत जा," तो शिकवायचा. "लोकांच्या काळजाला भिडतं."

ती ऐकून घ्यायची. तिचे रेनडिअर आता त्याच्याच कुंपणात होते.

एका दुपारी बर्फावरच्या स्कूटर दुरुस्त करणारा म्हातारा योव्ना तिच्याकडे कॉफीला आला. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, "लेमेत त्या दिवशी तळ्यावर जायला नको नको म्हणत होता गं. बर्फ कच्चा आहे म्हणाला. पिएरानं हसण्यावारी नेलं. 'पाहुणे पलीकडे खोळंबलेत, घाबरतोस काय बायकांसारखा!' म्हणाला."

"आणि हे तू आज सांगतोस?"

योव्नानं कप खाली ठेवला. "मीही त्याच्याकडेच कामाला, रिस्तेन."

त्या संध्याकाळी तंबू भरल्यावर रिस्तेन उठून उभी राहिली आणि तिनं पिएराकडे बोट दाखवलं.

"ह्यानं मारलं माझ्या लेकाला! बर्फ कच्चा आहे हे ठाऊक असून तळ्यावर धाडलं. आणि आता त्याच्याच मढ्यावर ह्याचा धंदा चाललाय!"

तिचा आवाज फाटला. पाहुणे श्वास रोखून पिएराकडे बघू लागले. क्षणभर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यानं छातीवर हात ठेवला, मान झुकवली आणि इंग्रजीत काहीतरी सांगितलं. तिला त्यातली दोन नावं तेवढी कळली, लेमेतचं आणि त्याचं स्वतःचं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे बसलेली एक बाई हुंदके देत उठली. तिनं पिएराचा हात धरला आणि रिस्तेनच्या हातात दिला.

"काय सांगितलंस त्यांना?" रिस्तेननं विचारलं.

"एक लेक गेला, पण देवानं तुला दुसरा दिला, असं." तो हसतच होता. "हात ओढू नकोस, काकू. फोटो काढतायत."

दुसऱ्या दिवसापासून तंबूत दक्षिणेकडून आणलेली एक तरुणी लेमेतची बहीण म्हणून बसू लागली. रिस्तेन दुकानात, चर्चच्या पायरीवर, भेटेल त्याला खरं काय ते सांगत सुटली. पण घराघरातलं कुणी ना कुणी पिएराच्या नोकरीत होतं. लोक ऐकून घ्यायचे, तिच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "गारठा फार आहे गं, घरी जा."