भिंतीच्या बुडाचं पाणी

"काहून जी भाऊ, निवडनूक लागली काय?" झेंडूची माळ ओवता ओवता लीलाबाईनं विचारलं.

भगवंतराव हसले नाहीत. तीनदा निवडून आलेले आणि आता सत्त्याहत्तराव्या वर्षी घरी बसलेले हे माजी आमदार धापा टाकत तिच्या ओट्यावर टेकले. हातातला स्टीलचा पेला त्यांनी पुढे केला.

"पाहा हे पानी."

"भादव्यात गढूळच असते."

"नाल्याचं नाई. तलावाच्या भिंतीच्या बुडातलं हाय."

लीलाबाईची सुई थांबली.

तलाव गावाच्या अगदी डोक्यावर होता. मोर्शीकडच्या त्या टेकड्यांत मातीची भिंत घालून भगवंतरावांनीच तो आणला. त्याच्या पाण्यावर संत्रा उभा राहिला, झेंडू उभा राहिला आणि भगवंतरावही. पण तेव्हा निवडणूक तोंडावर होती, उद्घाटनाची घाई होती. कामावरचा मुकादम नत्थुजी, म्हणजे लीलाबाईचा नवरा, बंगल्यावर येऊन सांगून गेला होता, "भाऊ, भिंतीच्या पोटात माती नुसती लोटून राह्यले. रोलर फिरवलाच नाई. बुडातून निवळ झिरपते तंवर भेव नाई. ज्या दिवशी गढूळ येईन, त्या दिवशी गाव उठवा."

भगवंतरावांना ते पटलं होतं. पटलं म्हणूनच ते भ्यायले. भरसभेत त्यांनी बुडाच्या झऱ्याचा पेला भरून आणवला, सगळ्यांदेखत घटाघटा प्यायले आणि छाती ठोकली, "नत्थूले भुतं दिसतात! हे भिंत म्हंजे माही छाती हाय!" टाळ्या थांबेनात. पुढे प्रत्येक निवडणुकीत तो पेला ठरलेला. नत्थुजी मात्र गावात 'भुताचा मुकादम' झाला आणि त्याच नावानं मेला.

घरी बसल्यापासून भगवंतराव दरवर्षी पोळा झाला की एकटेच येत, पेला भरून उजेडात धरत आणि मुकाट्यानं परत जात. आज सकाळी तो काळा निघाला. तालुक्याच्या कचेरीत फोन लावला, तर पलीकडचा म्हणाला, "उद्या माणूस पाठवतो, साहेब." त्यानं नाव दोनदा विचारलं होतं.

"मले सांगून काय उपेग?" लीलाबाई उठली. "पारावर चाला. तिथंच हासले होते, तिथंच सांगा."

पारावर सरपंच शेखर माणसं घेऊन बसला होता. एकेकाळी भाऊंच्या जीपवर उभं राहून घोषणा देणारा हाच. भगवंतरावांनी हात जोडले.

"गाव खाली करा, बावा. नत्थुजी खरं बोलला होता. मले तवाच ठाऊक होतं."

शेखर हसला.

"भाऊ, तुमीच तं म्हनले होते, भिंत म्हंजे तुमची छाती! आता छाती खचली काय?"

"खचली."

"मंग प्या न तो पेला. दरखेपी पेत होते."

पार हसण्यानं दणाणला. कोणी म्हणालं, भाऊंचा डोळा खालच्या जमिनीवर हाय. कोणी म्हणालं, पोराले तिकीट पाह्यजे असन. तीस वर्षं जे पेरलं, तेच उगवून समोर डोलत होतं. भगवंतराव खाली मान घालून ऐकत राहिले. पेला त्यांनी प्यायला नाही.

लीलाबाईनं शेळी सोडली, नत्थुजीचा फोटो लुगड्यात गुंडाळला. टेकाडावरच्या शाळेकडे निघताना ती ओट्यावर परत येऊन बसलेल्या भगवंतरावांपाशी थांबली.

"चाला न जी तुमीबी."

"तुमी व्हा पुढं. एक बी घर उरलं तं मी इथंच हावो."

तिनं आतून नत्थुजीची घोंगडी आणून त्यांच्या बाजूला ठेवली आणि गेली.

तिच्यामागून दोन घरं निघाली, मग तिसरं. बाकीच्यांनी चुली पेटवल्या. भगवंतराव भिंतीकडे तोंड करून बसले. शेजारच्या पेल्यात वरचं पाणी आता निवळलं होतं आणि तळाशी बोटभर काळी माती बसली होती. वरून, टेकडीकडून, जात्यासारखी बारीक घरघर येत होती.

त्यांनी मान वळवून गावाकडे पाहिलं आणि धूर निघणारी घरं मोजायला सुरुवात केली.